चल / अचल

मे महिना. सिव्हिल लाइन्समधली रेकॉर्ड रूम,
कूलरला पाणी कमी, आवाज जास्त.
जुन्या फायली स्कॅन करून यादीत चढवायच्या,
दिवसाला चाळीस.
दुपार झाली तरी माझ्या एकोणीसच,
कारण ही विसावी
हातातून सुटत नाही.

सन एकोणीसशे सव्वीस.
अर्जदार शांतवन उजागरे, राहणार सीताबर्डी,
मिशनच्या छापखान्यात खिळे जुळवणारा.
गैरअर्जदार एक, सालोमी, त्याची बायको.
गैरअर्जदार दोन, बेंजामिन राक्षे, अजनी शेडचा फिटर.
अठराशे एकोणसत्तरचा कायदा, कलम चौतीस:
बायको ज्याच्याकडे गेली
त्याच्याकडून नवऱ्याने भरपाई मागावी.
मागितली. रुपये पंधराशे.

फोड त्याने स्वतःच दिलीय,
ओळी अशा सरळ की पट्टी लावली असावी.
स्वयंपाक, इतके.
शिवण-टिपण, इतके.
रात्री कंदिलाशी बसून प्रुफं वाचून देणे,
दरमहा दोन रुपये.
मग एका ओळीत नुसतंच: सहवास.
पुढे आकडा, खोडलेला,
वर दुसरा, तोही खोडलेला,
तिसऱ्याच्या जागी कागद विरलाय.

हा माणूस वाईट निघाला असता
तर माझं काम सोपं झालं असतं.

साहेबांनी विचारलं, लग्नाआधी बाईचं चालचलन कसं होतं?
शेजारीण म्हणाली, चांगलं होतं जी,
पण हसे फार.
हसण्याची नोंद झाली. निशाणी चौदा.
मग उठला राक्ष्याचा वकील आणि भाव पाडू लागला:
बाई वरचेवर आजारी,
मूल एकच, तीही मुलगी,
नवरा रात्र-रात्र छापखान्यात,
असल्या संसाराचा तोटा तो काय?
म्हणजे ज्याला ती हवी होती
त्याच्याच खर्चाने भर कोर्टात सिद्ध होत होतं
की ती स्वस्त आहे.

सालोमीचं म्हणणं दीड ओळीचं.
"मला कोणी नेलं नाही. पोरीला कडेवर घेऊन
मी पायी गेले."
समासात लाल शाईचा शेरा: असंबद्ध.

निकाल, सव्वादोनशे.
पोरीच्या नावाने कोर्टात जमा करावेत.
जमा झाले का, माहीत नाही,
पावतीच्या जागी कसरीने केलेली जाळी आहे
आणि जाळीतून टेबल दिसतंय.

डोंगरे डबा घेऊन आले. "काय वाचून रायल्या मॅडम?"
म्हटलं, बाईची किंमत.
"किती?"
सव्वादोनशे.
त्यांनी मनात हिशोब केला.
"तवाचे सव्वादोनशे म्हंजे बापा,
बैलजोडी येत असन."
मनात काही वाईट नव्हतं त्यांच्या.
वांग्याची भाजी त्यांनी माझ्याकडे सरकवली.

स्क्रीनवर एक रकाना अडून बसलाय:
मालमत्तेचा प्रकार.
भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही.
वैवाहिक असा पर्यायच नाही,
भरपाईचा दावा म्हटला की मालमत्ता आलीच.
सॉफ्टवेअर दिल्लीचं, त्याला जंगम-स्थावर कळत नाही,
तिथे दोनच शब्द, एकाखाली एक.

सीताबर्डी ते अजनी, दोनेक मैल,
तेव्हाही ऊन हेच असणार.
पोर कडेवर जड झाली असणार,
वाटेत कुठल्या कडुलिंबाखाली
तिने तिला खाली उतरवलं असणार,
पदराने तोंड पुसलं असणार.
मागे वळून पाहिलं असेल, नसेलही.
मग पोरीचं बोट धरून
एकच शब्द म्हणाली असणार.

तोच निवडते.

पान उघडतं.
एकविसावी: महाल, सामाईक भिंतीचा वाद.